परक्या मुलखातलं घर

परवा रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. काका साडेनऊला फोन करतात म्हणजे दोनच शक्यता. एक तर नात्यातलं कुणीतरी गेलं, नाही तर काकांना कुणाचा तरी राग आलाय. या वेळी दुसरं होतं. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट सुरुवात.

"दादाला काही कळतं की नाही? केडगावचा प्लॉट विकला आणि पैसे अमेरिकेत पाठवले म्हणे!"

तर मंडळी, प्रकरण असं आहे. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे अकरा वर्षं न्यू जर्सीत आहेत. अकरा वर्षांत चार भाड्याची घरं झाली. दोन मुलं तिथेच जन्मली. मोठ्याची शाळा दोनदा बदलली. आता त्यांनी एडिसनला एक घर घेतलंय. फार मोठं नाही, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, पुढे ओंजळभर गवत. घराच्या किमतीच्या वीस टक्के रोख भरले नाहीत तर कर्जाच्या हप्त्याबरोबर वेगळ्या विम्याचाही हप्ता बसतो. त्यांचे थोडे कमी पडत होते. अप्पांनी केडगावचा प्लॉट विकायला काढलेलाच होता. दोन मुली, दोन वाटे. धाकटीचा वाटा अठरा लाख, तो तिला पाठवला. संपलं.

पण संपलं कसलं! हे आमच्या घराण्यात कळलं आणि गेले तीन आठवडे फोनवर फोन चाललेत. आत्या, मामा, चुलत आजोबा, सगळ्यांना एकच प्रश्न पडलाय. "परक्या मुलखात घर घेऊन करायचंय काय?"

काकांशी फोनवर भांडता येत नाही, कारण ते ऐकत नाहीत. शिवाय वडीलधारे. म्हणून इथे लिहिते. काका हे वाचणार आहेत, हे मला ठाऊक आहे. (काका, नमस्कार करते. शेवटपर्यंत वाचा.)

काकांचं म्हणणं तीन भागांत आहे. एक, घराण्याचा पैसा परदेशात गेला. दोन, तो देश आपला नाही, उद्या हाकलून दिलं तर काय? तीन, आणि हा त्यांचा हुकमी एक्का, मातीशी नाळ तुटली.

पहिल्यापासून सुरुवात करू. घराण्याचा पैसा. अहो, तो प्लॉट अप्पांनी १९९४ साली एमआयडीसीतल्या नोकरीच्या पगारातून घेतला. त्यासाठी आईने दोन वर्षं दिवाळीला साडी घेतली नव्हती, हे मला चांगलं आठवतं. त्यात घराण्याचा रुपया नव्हता. आणि समजा तो वडिलोपार्जित असता तरी २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच. तेव्हा अप्पांनी तो विकला, मुलींना दिला, विषय मिटला.

"पण बाहेर पाठवणं म्हणजे भानगड असेल!" असं आत्या म्हणाली. काही भानगड नाही. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली रीतसर पैसे बाहेर पाठवता येतात. २००४ मध्ये ही योजना निघाली तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती. २०१५ पासून ती माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. त्यात परदेशात घर घेणंही बसतं आणि नातलगाला भेट देणंही. बँकेत पॅन कार्ड न्यायचं, ए-२ नावाचा फॉर्म भरायचा, कारण लिहायचं. वर्षात दहा लाखांच्या पुढे जी रक्कम जाते तिच्यावर वीस टक्के टीसीएस कापून घेतात. अठरा लाखांतले वरचे आठ, त्याचे एक लाख साठ हजार. ते अप्पांच्या नावावर सरकारजमा झालेत. प्लॉटच्या नफ्यावर जो कर बसेल त्यात ते वळते होतील, उरले तर रिटर्न भरल्यावर परत येतील. अप्पांनी हे सगळं स्वतः रांगेत उभं राहून केलं, त्र्याहत्तराव्या वर्षी. चोरून काही केलेलं नाही.

आता जरा टोचणारं बोलते. आत्याच्या मुलाने दुबईत फ्लॅट घेतला तेव्हा आपल्याकडे काय झालं होतं? पेढे वाटले होते! तो राहतो बंगलोरला. फ्लॅट कुणा तिसऱ्याला भाड्याने दिलाय. दुबईने २००२ मध्ये परदेशी लोकांना मालकी हक्काने घरं घ्यायची मुभा दिली, तेव्हापासून जगभरचे लोक तिथे असे फ्लॅट घेतात. वीस लाख दिरहमची मालमत्ता असेल तर लांब मुदतीचा गोल्डन व्हिसाही मिळतो. छान आहे. माझी तक्रार नाही. पण त्या फ्लॅटला "परक्या मुलखात" कुणी म्हणालं नाही. काकांनी दोन पेढे खाल्ले आणि "पोरगं पुढे गेलं" म्हणाले.

मग मुलाचं परदेशातलं घर म्हणजे प्रगती, आणि मुलीचं घर म्हणजे पैसा वाया? ज्यात कुणी राहत नाही ते घर ही हुशारी, आणि ज्यात चार माणसं जेवणार-झोपणार ते घर हा वेडेपणा? मला तर हे गणित सुटत नाही. "परदेश" हा नुसता बुरखा आहे हो. आत जुनंच दुखणं आहे, मुलीला दिलं म्हणजे परक्याला दिलं.

दुसरा मुद्दा मात्र खरा आहे. तो मी उडवून लावणार नाही. त्यांच्याकडे अजून ग्रीन कार्ड नाही. एच-१बी व्हिसावर आहेत. अमेरिकेच्या कायद्यात ग्रीन कार्डांच्या वार्षिक कोट्यातला कुठल्याही एका देशाचा वाटा ७ टक्क्यांच्या आसपास बांधलेला आहे, देश भारताएवढा असो नाही तर आइसलँडएवढा. त्यामुळे आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची, व्हिसाचा दुसरा काही मार्ग काढायचा, नाही तर सामान बांधायचं. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा काकांनी एका दिवसात तीन वेळा फोन केला होता. ते शुल्क आधीपासून तिथे असलेल्यांना नाही हे कळेपर्यंत आमच्याही पोटात गोळा होता. तेव्हा भीती खोटी नाही.

आणि इतिहास बघितला तर काकांना आणखी पुरावा मिळेल, तोही मीच देते. कॅलिफोर्नियात १९१३ साली कायदा झाला, की ज्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परक्यांनी शेतजमीन घ्यायची नाही. १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगितलं, की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घेतलं. त्यात पेशावरहून आलेले वैष्णोदास बागाई होते. त्यांनी आणि पत्नी कला यांनी बर्कलीत घर घेतलं होतं. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी आत शिरू दिलं नाही. पुढे नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली, आणि १९२८ मध्ये वैष्णोदासांनी आत्महत्या केली. कलाबाई मात्र तिथेच राहिल्या, मुलं वाढवली. १९४६ मध्ये कायदा बदलला आणि हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाची दारं उघडली. आज बर्कलीत एका रस्त्याला कला बागाईंचं नाव आहे.

ही गोष्ट वाचून "बघा, म्हणूनच सांगतो" असंही म्हणता येईल. मी त्यातून वेगळं घेते. हाकललं जाण्याची भीती आहे म्हणून घर घेऊ नये, या न्यायाने भाड्याचं घरही घेऊ नये, मुलांना शाळेतही घालू नये, झाडही लावू नये. अकरा वर्षं ती तशीच राहिली की! सोफा नको, कारण परत जायचंय. पडदे नकोत, परत जायचंय. भिंतीला खिळा मारायचा नाही. मी २०१९ मध्ये तिच्याकडे गेले होते तेव्हा कपाटावर रिकामे खोके रचून ठेवले होते. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "ताई, शिफ्टिंगला लागतात ना." पोराच्या खोलीत खेळण्यांपेक्षा खोके जास्त. ही कसली नाळ जपणं? हे इथलंही जगणं नाही आणि तिथलंही नाही.

आता धोक्याचा बंदोबस्त. तो त्यांनी केलाय, मी खोदून खोदून विचारलं. बँक देत होती त्यापेक्षा बरंच कमी कर्ज घेतलं. व्याजाचा दर तीस वर्षांसाठी ठरलेला, आपल्यासारखा दर तिमाहीला धाकधूक नाही. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेत. न्यू जर्सीत घरपट्टी अख्ख्या अमेरिकेत जड, ती हिशोबात धरली. आणि अगदी देश सोडायची वेळ आलीच तर व्हिसा गेला म्हणून घराची मालकी जात नाही. भाड्याने देता येतं, विकता येतं. हे सगळं करूनही २००८ सारखं काही झालं तर नुकसान होईल. होऊ दे. नुकसान नाशिकला घर घेऊनही होतं.

आता हुकमी एक्का. माती.

काका, राग मानू नका, पण आपण कुठले? पारनेर तालुक्यातले. पारनेरची निम्मी माणसं मुंबईत, हे आपणच कौतुकाने सांगतो. आजोबा १९५६ मध्ये परळच्या गिरणीत लागले. आठ वर्षं गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपले. मग लालबागला दहा बाय बाराची खोली पागडीवर घ्यायची ठरली, त्यासाठी गावाकडची बैलजोडी विकली. तेव्हा पणजोबा काय म्हणाले होते? ही गोष्ट तुम्हीच आम्हाला शंभरदा सांगितली आहे. "बैल विकून परमुलखात खोली घेतो, याचं डोकं फिरलंय." पणजोबा दोन वर्षं बोलले नाहीत आजोबांशी.

त्या खोलीत तुम्ही शिकलात. १९७२ च्या दुष्काळात गावची अकरा माणसं त्या खोलीत राहून गेली. १९८२ च्या संपात आजोबांची गिरणी सुटली, पण खोली होती म्हणून संसार रस्त्यावर आला नाही. आणि शेवटी ती खोली सोडून जे पैसे आले त्यात तुम्ही कोथरूडला फ्लॅट घेतलात. मातीत परत आला नाहीत, कोथरूडला गेलात! चांगलं केलंत. पण मग धाकटीने एडिसनला घर घेतलं तर पणजोबांचं वाक्य तुमच्या तोंडी का?

मुंबई आपलीच, अमेरिका परकी, असं तुम्ही म्हणाल. बरं. मग आपलं नगर बघा. १४९० साली मलिक अहमदने ते वसवलं. ती निजामशाही पुढे ज्याने वर्षानुवर्षं मोगलांपासून राखली तो मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. सावित्रीबाई ज्यांच्याकडे शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला नगरला आल्या त्या सिंथिया फरार अमेरिकेतल्या. १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. अरणगावला मेहेरबाबांच्या समाधीवर ३१ जानेवारीला जाऊन बघा, किती देशांची माणसं येतात ते. त्यातली काही तर पूर्वी इथे येऊन राहिली आणि इथेच म्हातारी झाली. त्यांना आपण "परक्या मुलखात कशाला आलात" असं विचारलं नाही. उलट "बघा, आपल्या मातीत काय ओढ आहे" म्हणून छाती फुगवली. ओढ फक्त आपल्याच मातीत असते का?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ज्यांच्या नावाने झालं त्या अहिल्यादेवी १७२५ साली जामखेडच्या चोंडीत जन्मल्या आणि लहानपणीच माळव्यात गेल्या. बोली वेगळी, पाणी वेगळं. त्या चोंडीची आठवण काढत अर्ध्या मनाने राहिल्या का? महेश्वरला घर केलं, राज्य केलं, घाट बांधले, विणकर वसवले, आणि १७९५ मध्ये तिथेच देह ठेवला. आपल्या प्रत्येक घरातली प्रत्येक बाई हेच करत आलीय. लग्न झालं की परक्या घरी, परक्या गावी जायचं आणि ते घर आपलं करायचं. तेव्हा कुणी म्हणत नाही, "नाळ तुटेल, भाड्याने रहा."

दुसरी एक गंमत सांगते. काका म्हणतात, त्यापेक्षा गावाकडे माती घे. पण परदेशात राहणाऱ्या भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेताच येत नाही! फेमा कायदा तसा आहे. फ्लॅट घ्या, बंगला घ्या, दुकान घ्या. शेत नाही, फार्महाऊस नाही. वारशाने आलेली शेती ठेवता येते, पण विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. महाराष्ट्राच्या कूळकायद्यात तर शेतकरी नसलेल्या मुंबईकरालाही परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मी या कायद्यांना नावं ठेवत नाही. जमीन कसणाऱ्याकडे राहावी, हे बरोबरच आहे. कॅनडाने २०२३ पासून परदेशी लोकांच्या घरखरेदीवर बंदी घातली, न्यूझीलंडने २०१८ मध्ये घातली, ऑस्ट्रेलियाने २०२५ च्या एप्रिलपासून दोन वर्षं जुनी घरं घ्यायला मनाई केली. त्यांचा राग कुणावर आहे? जे घर घेतात पण राहत नाहीत त्यांच्यावर. कॅनडात कायमचा राहायला आलेल्याला ती बंदी लागू नाही. म्हणजे जगभर एकच गोष्ट रुजतेय, घर राहणाऱ्याचं.

आणि हे मला कायद्याच्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्या सावेडीच्या गल्लीत चौदा घरं. त्यातली पाच बंद. दोघांची मुलं अमेरिकेत, एकाची जर्मनीत, दोघांची पुण्यात. दोन घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. पंधरा दिवसांनी जाते, नळ सोडते, खिडक्या उघडते, लाईट बिलं गोळा करते. एका घरात देव्हाऱ्याला वाळवी लागली. दुसऱ्यात कबुतरांनी माळा व्यापलाय. मालकांना फोन केला की म्हणतात, "ताई, असू दे, कधीतरी परत यायचंच आहे." कधीतरी म्हणजे कधी? सतरा वर्षं झाली. गल्लीत भाड्याने घर शोधत एक नर्सबाई दोन महिने फिरत होत्या. त्यांना हे घर दिलं असतं तर देवासमोर दिवा तरी लागला असता.

त्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून ही पाच घरं मरतायत. यालाच आपण "मातीची ओढ" म्हणतो. मला विचाराल तर धाकटीने एडिसनला घर घेतलं त्यापेक्षा ही कुलपं जास्त वाईट आहेत. जिथे राहता, राबता, तिथे घर करा. आणि जिथे राहणार नाही आहात तिथलं घर राहणाऱ्याला द्या, विका, भाड्याने द्या, काहीही करा.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला जड जातंय. काकांना राग आलाय, पण आईला राग नाही आलेला. पैसे पाठवले त्या रात्री आई भांडी आवरत होती. मागे न बघता म्हणाली, "म्हणजे आता ती नाही यायची ना?"

मी नेहमीचं उत्तर देणार होते. येईल गं, मुलं मोठी झाली की. अकरा वर्षं आम्ही सगळे आईला हेच सांगत आलो. पण नाही सांगितलं. म्हटलं, "राहायला नाही येणार आई. भेटायला येईल." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग मीच जाऊन येते. घर बघायला."

काकांच्या फोनने जे झालं नाही ते त्या एका वाक्याने झालं, मला रडू आलं. खरं सांगते, मलाही ती यायला हवी होती. म्हातारपणी अप्पा-आईचं सगळं माझ्या एकटीवर आहे, आणि राहील. त्याचा राग कधी कधी येतो. तो मी तिला सांगितलाय. पण तिने तिथे घर न घेतल्याने ती इथे आली नसती. फक्त तिथे आणखी अकरा वर्षं खोके रचून राहिली असती.

असो. बरंच लिहिलं.

आई-अप्पांचा व्हिसा आहे, मे महिन्याचं तिकीट काढलंय. घरभरणी ते पोचल्यावरच करायची, असं धाकटीने ठरवलंय. आईने आत्तापासून बॅग भरायला घेतली आहे. त्यात आजीची पितळेची समई आहे. ती लालबागच्या खोलीत होती, मग सावेडीत होती. अप्पा म्हणतात वजन होईल. आई ऐकत नाहीये.

काका, घरभरणी आपल्या वेळेने संध्याकाळी साडेसातला आहे, व्हिडिओवर. तेव्हा सावेडीला या. पेढे मी आणते.